नारळ देणे, माकूळ तळणे

मराठीत मला भांडता येत नाही हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही आयर्लंडमधल्या डंडॉक गावात.

मी इंदूरची. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा आमचा तीन पिढ्यांचा शिरस्ता. मराठीत मी जेवले, तापाने फणफणले, रामरक्षा म्हटली, बाबांच्या कपाटातल्या जाडजाड कादंबऱ्या वाचल्या. पण वर्गातली मारामारी, रिक्षावाल्याशी हुज्जत, मैत्रिणींबरोबरचा चावटपणा, पहिलं प्रेम आणि त्याची लागलेली वाट, हे सगळं हिंदीत उरकलं. त्यामुळे माझं मराठी एकदम धुतलेलं, इस्त्री केलेलं, आणि त्याला 'मी येऊन राहिली', 'तो करून राहिला' अशी इंदुरी किनार.

डंडॉकला माझी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी. २०२० च्या वसंतात टाळेबंदी आली, ऑफिस घरी आलं, आणि ऑफिसातल्या आम्ही पाच-सहा मराठी लोकांनी दर बुधवारी दुपारी कॉलवर एकत्र चहा प्यायचा ठरवला. पहिल्याच बुधवारी कुणीतरी विचारलं, कशी आहेस? मी म्हणाले, "प्रकृती किंचित नरम आहे, परंतु काम करून राहिली आहे."

मग आमच्यातला एक पुणेकर म्हणाला, "अगं, तू बोलतेयस का शोकसभा घेतेयस?"

सगळे हसले. मीही हसले, पण अर्धा सेकंद उशिरा. पुढे दर बुधवारी असंच व्हायला लागलं. "रिलीजमध्ये लय राडा झाला," "तो मॅनेजर नुसत्या पुड्या सोडतो," "मी आज चारलाच कल्टी मारणार." शब्द मराठी आहेत हे कळायचं, आणि ते मला कुणीच दिलेले नाहीत हेही कळायचं.

हे दुःख मी कुणाला सांगणार? घरात माझ्याबरोबर राहायची माझी हाऊसमेट. ती डंडॉकमध्ये जन्मली, डंडॉकमध्येच वाढली, गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचं इंग्रजी इतकं अस्सल डंडॉकचं होतं की पहिले दोन महिने मी तिच्या बोलण्याला नुसती मान डोलवायचे. आईवडील हाँगकाँगहून आलेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं चायनीज टेकअवे होतं, आणि वरच राहायची जागा. तिथे इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून ही माझ्यासोबत भाड्याच्या घरात राहायला आली होती.

एका दुपारी मी चहा करायला खाली गेले तर ती भिंतीवरच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होती. कपाटाला तिकडे 'प्रेस' म्हणतात. प्रेसच्या आतूनच ती म्हणाली, "माझी चुलतबहीण मला म्हातारी म्हणाली."

झालं होतं असं, की हाँगकाँगच्या चुलतभावंडांनी टाळेबंदीत एक ग्रुप काढला होता आणि हिलाही घेतलं होतं. हिने हौसेने आवाज रेकॉर्ड करून पाठवला: आज ऊन आहे, मी बागेत बसून लिंबू सोडा पितेय. त्यात सोड्याला तिने जो शब्द वापरला, त्याचा कँटोनीजमध्ये शब्दशः अर्थ होतो 'हॉलंडचं पाणी'. तिच्या वडिलांची आई तो वापरायची. सोड्याची बाटली बोटीतून यायची तेव्हाचा शब्द. हाँगकाँगमध्ये आता तो कुणी बोलत नाही. चुलतबहीण इतकी हसली म्हणे, की तिने तो संदेश तिच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवला.

"मला जेवण मागता येतं," हाऊसमेट प्रेसमधून बाहेर येत म्हणाली, "ताप आलाय सांगता येतं, मोठ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा देता येतात. पण कुणी वात आणला तर काय म्हणायचं, ते येत नाही."

मी चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाले, "बस. तुला माझी कथा सांगते."

त्या दुपारी आमचा करार झाला. तिने कँटोनीजची रस्त्यावरची भाषा शिकायची, मी मराठीची. रोज संध्याकाळी फिरायला जायला पाच किलोमीटरची परवानगी होती, तेव्हा चालताना एकमेकींना दिवसभरात मिळालेला माल दाखवायचा.

माल मिळवायच्या आमच्या पद्धती वेगळ्या होत्या. ती मास्तरीण असल्यामुळे इंटरनेटवरून व्हिडिओ बघायची, खाली लोकांनी टाकलेल्या प्रतिक्रिया वाचायची, आणि नियम काढायची. मी बुधवारच्या कॉलवर कान देऊन बसायचे आणि अर्थ संदर्भावरून लावायचे. आपण अर्थ विचारला तर आपण बाहेरचे ठरतो, हा माझा मूर्ख अभिमान. त्यामुळे 'कल्टी मारणे' म्हणजे निरोप घेणे असं मी ठरवलं, कारण प्रत्येक जण कॉल सोडताना तेच म्हणायचा. आणि 'राडा' म्हणजे धमाल. दिवाळीत नागपूरला गेलो तेव्हा भावांनी काय राडा केला, असं कुणीतरी हसत हसत सांगितलं होतं, आणि सगळे खूश दिसले होते.

चालताना गंमत यायची ती दोन्ही भाषा शेजारी ठेवल्यावर. ती म्हणायची, कँटोनीजमध्ये एखाद्याने भेटायचं कबूल करून दांडी मारली तर त्याने 'विमान सोडलं'. मी म्हणायचे, आमच्यात तो टांग देतो. वरिष्ठांची खुशामत केली तर त्यांच्यात 'बूट पुसले', आमच्यात लोणी लावलं. कामचुकार माणूस त्यांच्यात 'सापांचा राजा'. का? ते तिलाही माहीत नव्हतं. गप्पा छाटणं म्हणजे 'पाणी फुंकणं'. पावसात भिजलेल्या त्या गावाच्या बंदराकडेने आम्ही दोघी मोठमोठ्याने "अमक्याने विमान सोडलं", "तमक्याने लोणी लावलं" असं म्हणत जायचो, आणि कुत्री फिरवणारे म्हातारे दोन मीटर अंतर राखून आम्हाला म्हणायचे, "ग्रँड दिवस आहे, नाही?"

प्रॅक्टिकलची परीक्षा आधी माझी आली. ऑगस्टात गणपती ऑनलाइन करायचे ठरले. डब्लिनपासून डंडॉकपर्यंतची साठेक कुटुंबं कॉलवर येणार होती आणि सूत्रसंचालनाला कुणी तयार होईना. पुणेकराने माझं नाव सुचवलं. "तिचं मराठी एकदम शुद्ध आहे." तो टोमणा होता, पण मंडळाने मनावर घेतलं.

मला वाटलं, हीच वेळ आहे. साडी नेसले, नथ घातली, कॅमेऱ्यासमोर बसले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "सर्व भक्तांना सप्रेम नमस्कार. यंदा आपण एकत्र येऊ शकत नसलो, तरी बाप्पाच्या कृपेने घरोघरी राडा होवो, हीच प्रार्थना."

चौकोनांमधले काही चेहरे हलले. दोन-तीन कॅमेरे बंद झाले. मला वाटलं नेट गेलं.

पुढचा कार्यक्रम एका काकांच्या भजनाचा होता. काका साताऱ्याकडचे. मुलाकडे दोन महिन्यांसाठी आले होते आणि विमानं बंद झाल्यामुळे सहावा महिना चालू होता. तब्येतीमुळे त्यांना फार वेळ बसवत नाही, भजन झालं की ते उठणार आहेत, असं मुलाने मला आधीच कळवलं होतं. मी अत्यंत आदराने म्हणाले, "आता आपले ज्येष्ठ काका भजन सादर करतील, आणि त्यानंतर कल्टी मारतील."

काकांनी चष्मा वर केला. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. "पोरी," ते म्हणाले, "कुटं मारू कल्टी? इमानंच बंद हायती न्हवं!"

साठ चौकोन एकदम हसले. काकाही हसले, आणि मग त्यांनी जे भजन म्हटलं ते टाळ्यांच्या इमोजींमध्ये बुडून गेलं. कार्यक्रम संपल्यावर पुणेकराचा फोन आला. तो पाच मिनिटं बोलूच शकला नाही, नुसता धापा टाकत होता. मग त्याने मला राडा म्हणजे काय, कल्टी म्हणजे काय, हे समजावून दिलं. मी नथ काढून टेबलावर ठेवली आणि हाऊसमेटला जाऊन सांगितलं की साठ कुटुंबांना मी घरोघरी दंगल होवो असा आशीर्वाद दिलाय, आणि एका वडीलधाऱ्या माणसाला गाऊन झाल्यावर गुपचूप पळ काढायला सांगितलंय.

ती हसून हसून जमिनीवर बसली. "म्हणून मी नियम शिकते," ती म्हणाली. "तू नुसती कानावर जातेस."

नियमांचं काय झालं ते ऑक्टोबरात कळलं.

त्यांचा चंद्राचा सण असतो. हाँगकाँगची रात्र आणि आपली दुपार साधून सगळं खानदान कॉलवर आलं. हिचे आईवडीलही दुकान उघडायच्या आधी त्यांच्या घरून आले होते. मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, हिने दिलेला कमळाच्या बियांचा मूनकेक खात बसले होते. हिची सगळ्यात मोठी आत्या ऐंशीच्या घरातली. ती पोट साफ होत नसल्याची तक्रार करत होती. चीनमध्ये काय आणि सदाशिव पेठेत काय, त्या वयात कॉलवर दुसरा विषय नसतो.

हाऊसमेटला सल्ला द्यायचा होता: केळं खा. केळ्याला त्यांचा पूर्ण शब्द दोन अक्षरी आहे. पण तिने व्हिडिओंवरून नियम काढला होता, की तरुण लोक शब्द अर्धे करतात. म्हणून तिने पहिलं अक्षर उडवलं, आणि मोकळ्याढाकळ्या आधुनिक थाटात आत्याला म्हणाली, "आत्या, सिक चिउ!"

केळं खा, असं अर्धवट म्हटलं की कँटोनीजमध्ये ती शिवी होते. साधीसुधी नाही. केळ्याचा आकार लक्षात घेता वाचकाने आपलं आपण समजून घ्यावं.

मला अर्थ माहीत नव्हता, पण चेहरे मी वाचले. आत्या थिजली. एका चुलतभावाचा फोन हातातून निसटला आणि आम्हाला त्यांच्या घराचं छत दिसायला लागलं. चुलतबहिणीने उशी तोंडात घातली. हिची आई म्हणाली, "हाय हाय!" किंवा त्या अर्थाचं काहीतरी. आणि हिचे वडील, जे कॉल सुरू झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, ते खुर्चीवरून उठले आणि चौकटीतून बाहेर निघून गेले.

"रागावले," हाऊसमेट नंतर म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. "बाबा रागावले." बापाला कँटोनीजमध्येही 'बाबा'च म्हणतात.

तिने तो ग्रुप सोडला नाही, पण त्यात बोलणं बंद केलं. संध्याकाळी फिरायला जायचो तेव्हा आम्ही हवामानावर बोलायला लागलो. मीसुद्धा बुधवारी परत शोकसभेच्या मराठीवर आले. निदान त्यात कुणाला पळवून लावायची भीती नव्हती.

मग जानेवारी आला आणि सगळं पुन्हा बंद झालं. एका शुक्रवारी दुपारी तिच्या आईचा फोन आला. दुकानातला आचारी आणि त्याच्याबरोबर भांडी सांभाळणारा, दोघेही एका घरात राहायचे आणि दोघांनाही कोविड. शुक्रवार म्हणजे टेकअवेची दिवाळी, त्यात हॉटेलं बंद, सगळं गाव फोन करणार. हाऊसमेट जॅकेट घालत होती. मी म्हणाले, "मी पण येते. पिशव्या भरायला तरी."

"तू शाकाहारी आहेस."

"पिशवी बाहेरून शाकाहारीच असते."

तिच्या आईने आम्हाला ॲप्रन दिले. आईने फोन आणि खिडकी घेतली, मला पिशव्या, हाऊसमेटला तळणाची कढई. आणि मोठ्या भट्टीसमोर तिचे वडील. या माणसाला मी वर्षभरात चार-पाच वेळा भेटले होते. बारीक, वाकलेला, मान खाली. मला पाहिलं की ते एकच वाक्य इंग्रजीत म्हणायचे, "जेवलीस?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचे. मुलगी सांगायची, घरीही असेच.

साडेपाचला पहिली ऑर्डर आली आणि त्या माणसाला कंठ फुटला.

मी अतिशयोक्ती करत नाही. कढईखालची आग भपकन वर आली आणि तिच्यावरून ते ओरडायलाच लागले. थांबेचनात. एक हात कढई उडवतोय, एक हात झारा आपटतोय, आणि तोंडातून कँटोनीजचा धबधबा. भातावर चिडत होते, फ्रीजच्या दाराशी बोलत होते, फोन करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला टोपणनाव होतं. हाऊसमेट तळणीसमोर तोंड उघडं टाकून उभी.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"तो जो नेहमी दोनदा करी सॉस मागतो ना, त्याला ते 'पूर' म्हणतात. पूर आला, म्हणाले. आणि ती कोपऱ्यावरची बाई, जी ऑर्डर देऊन घ्यायला येत नाही..." ती थबकली. "विमान सोडते, म्हणाले. बाबा म्हणाले, विमान सोडते!"

तेवढ्यात ते वळले, मुलगी नुसती उभी आहे हे पाहिलं, आणि झारा तिच्याकडे रोखून गरजले, "से वाँग!"

तो शब्द मला कळला. सापांचा राजा. कामचुकार. माझ्याच तोंडून हसू फुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला कळलं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"तिला से वाँग माहीत आहे. विमान सोडणं पण."

"आणि बूट पुसणं," मी इंग्रजीत भर घातली.

त्यांनी कढई खाली ठेवली. शुक्रवारी सहा वाजता, रांगेत अकरा ऑर्डरी असताना. "तुमच्यात," त्यांनी मुलीमार्फत विचारलं, "माणसाला कामावरून काढलं तर काय म्हणतात?"

"नारळ देतात."

"नारळ? आख्खा?"

"आख्खा. सोलून, शेंडी ठेवून. मानाने देतात आणि घरी पाठवतात."

ते इतके हसले की त्यांना कपाळावरचा घाम पुसावा लागला. मग त्यांनी आपलं सांगितलं. त्यांच्यात माणसाला काढलं की 'त्याचा स्क्विड तळला' म्हणतात. स्क्विड म्हणजे समुद्रातला माकूळ. तो गरम कढईत पडला की आपोआप गुंडाळतो. पूर्वी नोकर मालकाकडेच झोपायचे, कामावरून काढलं की आपली चटई गुंडाळून निघायचे. ती गुंडाळी माकुळासारखी. हे सांगताना त्यांनी खरंच एक तुकडा कढईत टाकून मला तो गुंडाळताना दाखवला. मी इंदूरची शाकाहारी मुलगी, पण एखाद्या वाक्प्रचाराचा असा प्रयोग मी आधी कधी पाहिला नव्हता.

"अहो, ऑर्डर!" खिडकीतून तिच्या आईचा आवाज आला. तो शब्द कँटोनीजमध्ये होता, पण सूर तंतोतंत माझ्या आईचा.

पुढचे दोन तास मी स्पाइस बॅगा भरल्या. चिप्स, तळलेलं चिकन, कांदा, मिरची, सगळं एका कागदी पिशवीत हलवायचं आणि द्यायचं. आठनंतर गर्दी ओसरली. हाऊसमेटने तळण बंद केलं, हात पुसले आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांचं बोलणं तिने मला नंतर सांगितलं, पण काय चाललंय ते तेव्हाही दिसत होतं.

ती म्हणाली, "तुम्ही हे सगळं घरी कधी का नाही बोललात?"

ते ओटा पुसत राहिले. म्हणाले, "तुझ्या आईने तू झालीस तेव्हा सांगितलं, दुकानातली भाषा दुकानात. घरी चांगलं बोलायचं. तू शिकणार, मास्तरीण होणार. मला चांगलं बोलणं एवढंच येत होतं: जेवलीस का, झोपलीस का. मग तेवढंच बोललो."

"आणि मी त्या दिवशी आत्याला केळं खा म्हणाले तेव्हा रागावून निघून गेलात."

ते ओटा पुसायचे थांबले. "रागावून? मी बाथरूममध्ये जाऊन हसलो. माझ्या बहिणीला पन्नास वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. आणि तिला कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

हाऊसमेटने फडक्यात तोंड लपवलं. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. पिशव्यांच्या घड्या घालत बसले.

आचारी बरा होऊन यायला तीन आठवडे लागले. तीन शुक्रवार आणि तीन शनिवार आम्ही दोघी जात राहिलो. मुलगी तळणीजवळ फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायची आणि वडील ते माहीत असल्यामुळे जास्तच रंगात यायचे. मध्येच ते मला इंग्रजीत "नारळ!" म्हणून दम द्यायचे, कारण मी करी सॉसचं झाकण नीट लावत नसे. तिने त्या रेकॉर्डिंगचा एक तुकडा धीर करून चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: "हे कोण बोलतं आता? माझ्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर असा बोलायचा." आणि लगेच दुसरं: "अजून पाठव."

म्हणजे ती भाषाही जुनीच निघाली. तिचे वडील चाळीस वर्षांपूर्वी हाँगकाँगमधून निघाले तेव्हाची. पण 'हॉलंडच्या पाण्या'वर हसणारी मंडळी आता तिच्या बाबांचे ओरडे ऐकायला टपून असायची.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मी इंदूरला फोन लावला. बाबा बँकेतून निवृत्त. त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही मित्रांमध्ये मराठीत कधी टवाळ बोलायचात का? शिव्या वगैरे?"

"आपल्याकडे मराठीत शिव्या देत नाहीत," बाबा म्हणाले. "त्याला हिंदी आहे."

मागून आई म्हणाली, "तिला तुमच्या कॉलेजातल्या मराठी मंडळाचं सांगा की!"

"काहीही काय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर एक फोटो आला. रेघांच्या कागदावर, बँकेच्या सुवाच्य अक्षरात, अकरा वाक्प्रचार. अनुक्रमांक, शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. 'शेंडी लावणे: फसविणे. उदा. प्राचार्यांस शेंडी लावून आम्ही सहलीस गेलो.' 'चंपी होणे: मार बसणे. उदा. परत आल्यावर आमची चंपी झाली.' खाली टीप होती: 'क्रमांक सात आईसमोर वापरू नये.' क्रमांक सात मी इथेही देत नाही. पण पुढच्या बुधवारी कॉलवर पुणेकर माझ्या 'करून राहिली'वरून काही बोलला, तेव्हा मी तो वापरला. वाक्य तेवढं 'राहिलास'वर संपवलं.

पुणेकराने चहाचा कप खाली ठेवला.

"हे कुठलं?" पुणेकर म्हणाला. आवाजात आदर होता.

"इंदूरचं," मी म्हणाले.

उन्हाळ्यात सगळं उघडलं. टेकअवेला सोमवारी सुट्टी असायची. अशा एका सोमवारी दुपारी हाऊसमेटने आईवडिलांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली, तिने मासा वाफवला. वडील आले, बसले, आणि मान खाली घालून म्हणाले, "जेवलीस?"

"बाबा, आपण जेवायलाच बसलोय," ती म्हणाली.

त्यांनी बायकोकडे चोरून पाहिलं. मग वरण चाखलं, मिटक्या मारल्या, आणि हळूहळू त्यांच्यातला दुकानवाला बाहेर यायला लागला. पूर आणणारं गिऱ्हाईक, विमान सोडणारी बाई, खाद्यनिरीक्षकाचे बूट पुसणारा शेजारचा पिझ्झावाला. आवाज चढत गेला. मुलगी मला भाषांतर करून सांगत होती आणि मध्येमध्ये स्वतःचंही घुसडत होती. तिची आई शांतपणे मासा सोडवत होती. ती कडक दिसणारी बाई आहे. मला वाटलं, आता 'दुकानातली भाषा दुकानात' या नियमाची आठवण करून देणार.

वडिलांनी पिझ्झावाल्याची नक्कल करायला चमचा वर उचलला आणि आईची वाटी लवंडली. वरण तिच्या मांडीवर.

तिने फडकं घेतलं, मांडी पुसली, आणि खाली मान घालून एकच वाक्य बोलली. छोटं. त्यात ना आवाज होता ना राग.

वडिलांचा हात हवेत थांबला. हाऊसमेट माझ्याकडे वळली. "मला हे कळलं नाही," ती म्हणाली. "हे कँटोनीज नाही."

"हे तिच्या गावचं आहे," वडील सावकाश म्हणाले. "हाक्का. डोंगरातल्या लोकांची बोली. तिच्या आईकडची. बत्तीस वर्षं झाली लग्नाला. मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं."

"अर्थ काय?"

वडिलांनी बायकोकडे पाहिलं. तिने त्यांच्या ताटात माशाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला. "मला काय विचारतेस," ते म्हणाले, "मला कुठे येते ती भाषा!"

"आई?"

"जेव," आई म्हणाली.

हाऊसमेट उठली. खुर्ची ओढून आईच्या अगदी शेजारी जाऊन बसली, आणि तिचा हात धरून म्हणाली, "परत म्हण. हळू म्हण."

आईने आधी नकार दिला. मग माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओठ आवळून हसली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिने ते वाक्य एकेक शब्द सुटा करून म्हटलं, आणि मुलीने तिच्यामागून म्हटलं. चुकलं. आईने परत म्हटलं. तिसऱ्या वेळी मीही म्हटलं. वडिलांनी चौथ्या वेळी, आणि त्यांचं इतकं चुकलं, की आईला डोळे पुसावे लागले.